जवळचा प्रवास : पायी आणि सायकलीवर

सकाळी दूध आणावयाचे, मुलांस शाळेत पोहोचवावयाचे, मंडईतून भाजी आणावयाची, औषधांच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावयाची, संध्याकाळी वाचनालयात पुस्तक बदलावयाचे. एखाद्या कुटुंबाच्या दिवसभरातील अशा फेऱ्या कागदावर मांडून पाहिल्या, तर त्यांतील पुष्कळशा एक-दोन किलोमीटरांच्या आतच संपतात असे वाचकांस आढळून येईल. प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी किंवा एसटी उभी राहते. परंतु आपल्या आयुष्यातील बहुतांश जाणे-येणे हे असे घराच्या आसपासचेच असते.

हा जवळचा प्रवास पायी किंवा सायकलीने करणे शरीराला, खिशाला आणि वस्तीला हितकर आहे, असे आपण नेहमी ऐकतो. ते का हितकर आहे, त्यामागील यंत्रशास्त्र व शरीरशास्त्र कोणते, आणि इतके हितकर असूनही ज्याला शक्य आहे तो माणूस ते का सोडून देतो, या तीन प्रश्नांचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या आळसात शोधण्याची आपली सवय आहे. ते बहुतांशी रस्त्याच्या रचनेत सापडते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

चालण्याचे यंत्रशास्त्र

घड्याळाचा लंबक वरच्या टोकाला टांगलेला असतो व त्याचा गोळा खाली झुलतो. चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत हीच रचना उलटी झालेली असते. जमिनीवर टेकलेले पाऊल हा स्थिर बिंदू, आणि कमरेजवळ असलेला शरीराचा गुरुत्वमध्य हा झुलणारा गोळा होय. टेकलेल्या पायावरून शरीर पुढे जाताना गुरुत्वमध्य किंचित वर चढतो. त्या वेळी गती थोडी मंदावते आणि गतीची ऊर्जा उंचीच्या रूपाने साठविली जाते. शिखर ओलांडताच शरीर पुढे झुकते, आणि साठविलेली ऊर्जा पुन्हा गतीत उतरते. योग्य चालीने चालत असता या अदलाबदलीमुळे निम्म्याहून अधिक ऊर्जा वाचते. उरलेली तेवढी स्नायूंना पुरवावी लागते.

ही योग्य चाल प्रौढ माणसाच्या बाबतीत ताशी चार ते पाच किलोमीटर इतकी असते. फार हळू चाललो किंवा फार झपाट्याने चाललो, तर लंबकाची ही लय मोडते व दमणूक वाढते. ताशी सात किलोमीटरच्या पुढे तर शरीर आपण होऊनच धावू लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालण्यास सुमारे चाळीस किलोकॅलरी इतकी ऊर्जा लागते. एका मध्यम भाकरीतून शंभराहून अधिक किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका भाकरीच्या बळावर अडीच किलोमीटरांची मजल सहज मारता येते.

पायगाडीची करामत

जुन्या मराठीत सायकलीला ‘पायगाडी’ म्हणत. अलीकडे ‘दुचाकी’ हा शब्द बोलण्यात स्कूटर व मोटारसायकल यांनाच लागू झाला आहे. यास्तव येथे ‘सायकल’ हाच रूढ शब्द योजला आहे.

या यंत्राची घडण टप्प्याटप्प्याने झाली. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी तयार केली. ती पायांनी जमिनीला रेटा देऊन चालवावी लागे. १८६० नंतरच्या दशकात पुढच्या चाकाला पायडल बसले. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची ठेवून चेनने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली, आणि १८८८ साली जॉन डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचा एकस्वाधिकार मिळविला. आज आपण वापरतो त्या सायकलीचा मूळ सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

सायकलीवर एक किलोमीटर जाण्यास लागणारी ऊर्जा चालण्याच्या सुमारे तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकीच असते. याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, चालताना शरीराचे वजन पायांना पेलावे लागते व प्रत्येक पावलागणिक ते वर उचलावे लागते. सायकलीवर ते सीटवर विसावलेले असते आणि एकाच पातळीवरून पुढे सरकते. दुसरे, चाक आणि त्याच्या आसात बसविलेले छर्रे यांमुळे घर्षण अत्यल्प राहते, व तेलपाणी केलेली चेन पायांनी दिलेल्या शक्तीतला फारच थोडा अंश वाया दवडते. तिसरे, पायडल फिरविताना मांडीच्या मोठ्या स्नायूंना एका लयीत काम मिळते. वर सांगितलेल्या एका भाकरीच्या ऊर्जेत सायकलस्वार निदान सात-आठ किलोमीटर जाऊ शकतो, आणि तेही चालण्याच्या तिप्पट वेगाने.

मात्र या हिशेबाला एक मर्यादा आहे. हवेचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते. म्हणूनच ताशी बारा ते पंधरा किलोमीटर ही रोजच्या कामाची शहाणी चाल होय. शर्यतीची घाई येथे उपयोगाची नाही. चढ असेल तर गणित पुन्हा बदलते, कारण तेथे सायकलीसह सर्व वजन प्रत्यक्ष वर चढवावे लागते. टायरमधील हवा कमी असणे, चेन कोरडी असणे आणि सीट फार खाली असणे या तीन दोषांमुळे अनेकांना सायकल विनाकारण जड वाटते. पायडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवून गुडघा जवळजवळ सरळ होईल, इतकी सीटची उंची असावी.

शरीराला काय मिळते

शारीरिक हालचाल आणि हृदयरोग यांचा संबंध दाखविणारे एक प्रसिद्ध संशोधन रस्त्यावरच्या वाहनातच झाले. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांपेक्षा चालकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. टपाल खात्यातही पत्रे वाटत फिरणाऱ्यांची आणि टेबलाशी बसणाऱ्यांची तुलना केली असता तसाच फरक दिसला.

येथे शास्त्रीय सावधपणाचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. मॉरिस यांनी पुढे कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक होणारी माणसे मुळातच कमरेने अधिक रुंद होती असे त्यांना आढळले. म्हणजे सगळा फरक जिन्यामुळेच पडला असे म्हणता येत नव्हते. त्यानंतर निरनिराळ्या देशांत अनेक दशके झालेल्या अभ्यासांनी ही शंका विचारात घेऊनही मूळ निष्कर्ष दृढच केला. त्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे, अशी शिफारस केली आहे.

आता एक साधा हिशेब करू. कचेरी किंवा शाळा घरापासून एक किलोमीटरवर आहे. जाण्यास साडेबारा मिनिटे आणि परत येण्यास तितकीच, म्हणजे दिवसाला पंचवीस मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर बेरीज बरोबर १५० मिनिटे होते. व्यायामासाठी वेगळा वेळ काढणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या दृष्टीने हा हिशेब मोलाचा आहे. येथे व्यायाम कामाच्याच पोटात दडलेला असतो.

धुरकट हवेत चालणे-सायकल चालविणे अपायकारक नाही काय, असा प्रश्न शहरातील वाचक विचारतील. त्यांची शंका रास्त आहे, कारण श्रम करताना श्वासाबरोबर अधिक हवा आत घेतली जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या लाभहानीचा ताळा मांडलेला आहे. हवेतील सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम इतके वाईट असले, तरी दररोज दीड तासापर्यंत सायकल चालविण्याचा लाभ हानीहून अधिकच राहतो, असे गणित त्यात निघाले. हे गणित निरोगी प्रौढांच्या सरासरीचे आहे. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच धुक्याधुराने कोंडलेल्या दिवशी सर्वांनीच, डॉक्टरांचा आणि स्वतःच्या श्वासाचा सल्ला मानावा. उन्हाळ्यात सावली हीच खरी सोय होय. घामाचे एक लिटर पाणी पूर्णपणे वाळले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. वाऱ्याची झुळूक व झाडांची छाया यांमुळे हे काम सुकर होते. तापलेल्या उघड्या रस्त्यावर ते फार अवघड जाते.

जवळच्या फेरीला इंजिन

स्कूटरला दर लिटरमागे पन्नास किलोमीटर पडतात असे धरू. दोन किलोमीटरांवरील ठिकाणी रोज एकदा जाऊन-येऊन वर्षातील तीनशे दिवसांत बाराशे किलोमीटर होतात, व त्यांस चोवीस लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे वर्षाला पंचावन्न किलोग्रॅम. एका घराचा हा आकडा लहान आहे, आणि तो फुगवून सांगण्याचे कारण नाही. शंभर घरांच्या वस्तीत मात्र तो साडेपाच टनांवर जातो.

परंतु जवळच्या फेरीचा खरा दोष निराळाच आहे. आधुनिक वाहनांच्या धुराड्यात विषारी वायू निरुपद्रवी करणारे एक उत्प्रेरक पात्र बसविलेले असते. ते २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावाचून नीट काम करीत नाही. थंड इंजिन सुरू करून एक किलोमीटरवर थांबविले, तर त्या प्रवासाचा बराच भाग पात्र थंड असतानाच संपतो. त्यामुळे दर किलोमीटरमागे निघणारा विषारी धूर लांबच्या प्रवासापेक्षा छोट्या फेरीत अधिक असतो, आणि तो नेमका शाळेच्या फाटकापाशी, मंडईच्या तोंडाशी, माणसांच्या नाकातोंडाजवळ सोडला जातो.

जागेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यावरून शहरी रहदारीत तासाभरात मोटारींतून साधारणपणे दोन हजार माणसे जाऊ शकतात; त्याच पट्ट्यावरून सायकलींवर चौदा हजार, आणि पायी त्याहूनही अधिक. अरुंद रस्त्यांच्या जुन्या पेठांना हा हिशेब विशेष लागू पडतो.

सायकल आणि स्वातंत्र्य

येथवर आपण इंधन व स्नायू यांचा विचार केला. परंतु दोन-चार किलोमीटरांचे अंतर पुष्कळांच्या आयुष्यात याहून मोठे काम करते. ते शिक्षण आणि अज्ञान यांच्यामध्ये उभे असते.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली ‘अरिवोळी इयक्कम’, म्हणजे ज्ञानज्योतीची चळवळ, या नावाने साक्षरता मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांनी सायकल शिकणे हा या मोहिमेचाच भाग मानला. अक्षर शिकवावयास जाणाऱ्या कार्यकर्त्या आणि शिकणाऱ्या शेतमजूर स्त्रिया दोघीही सायकल शिकू लागल्या. एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांनी हे कौशल्य आत्मसात केले, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदविले आहे. बाईने सायकलीवर बसावे काय, अशी टीका झाली. पण पाणी आणणे, माल विकावयास नेणे, मुलाला दवाखान्यात पोहोचविणे ही कामे आता बसची किंवा घरातील पुरुषाची वाट न पाहता होऊ लागली. यांतील पुष्कळ स्त्रियांनी पुरुषी बनावटीची, आडव्या दांड्याची सायकल पसंत केली. कारण व्यवहारी होते: त्या दांड्यावर मूल बसविता येई.

दुसरे उदाहरण बिहारचे. तेथील शासनाने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींस सायकल घेण्यासाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी बिहारमधील मुलींची तुलना तेथील मुलांशी आणि शेजारच्या झारखंडातील मुला-मुलींशी करून योजनेचा परिणाम मोजला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्के वाढ झाली, आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले. ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे हा परिणाम अधिक दिसून आला. तीन किलोमीटर म्हणजे चालत पाऊण तासाची वाट. सायकलीने ती सुमारे बारा मिनिटांची होते. रोजचा तासाभराहून अधिक वेळ हाती राहिला आणि मुलींचा मेळावा एकत्र जाऊ लागला, की आई-बापांच्या मनातील भीतीही ओसरते.

माणूस चालणे का सोडतो

आपल्या देशात चालणारे व सायकल चालविणारे थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत शेती व गृहोद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना, कामावर कसे जाता, असे विचारले गेले. पाचांत एकाहून अधिक लोक पायी जात होते, सुमारे आठांत एक सायकलीने जात होता, आणि मोटार, जीप वा व्हॅनने जाणारे शंभरांत तीनही नव्हते. अर्थात, चालण्याचा उपदेश ज्यांस करावयाचा ते थोडे आहेत. जे आधीपासून चालतच आहेत त्यांचे रक्षण करावयाचे आहे, ते फार आहेत.

हे रक्षण किती निकडीचे आहे ते पुढील आकड्यांवरून कळेल. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ जण पादचारी होते. सरासरीने दररोज नव्वद माणसे कोठेतरी चालत जात असताना किंवा रस्ता ओलांडीत असताना प्राणास मुकली.

या मृत्यूंचे भौतिक कारण वेग होय. चालत्या वाहनाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी तीसऐवजी पन्नास किलोमीटर वेग असेल तर आघाताची ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. शिवाय वाहन थांबण्यास लागणारे अंतरही वाढते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने येणारी मोटार सुमारे तेरा मीटरांत थांबते. ताशी पन्नासने येणारीस सुमारे अठ्ठावीस मीटर लागतात. वीस मीटरांवर चेंडूमागे धावत आलेले मूल पहिल्या मोटारीपासून वाचते. दुसरी मोटार त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिचा वेग अद्याप बराच उरलेला असतो. मुलांच्या दृष्टीलाही मर्यादा आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडेच येत आहे हे वेळेवर ओळखता येईलच असे नाही, असे ब्रिटनमधील प्रयोगांत २०११ साली दिसून आले. म्हणून ‘नीट बघून रस्ता ओलांड’ ही सूचना मुलाला दिली की आपले कर्तव्य संपते असे नाही. जेथे माणसे व वाहने एकत्र वावरतात तेथे वेगमर्यादा ताशी तीस किलोमीटर असावी, असा आग्रह २०२० सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही धरलेला आहे.

वेगाच्या जोडीला पदपथाची दुरवस्था असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. या दोन्ही मापांना अर्थ आहे. १.८ मीटर म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकांच्या खुर्च्यांना पुरेशी जागा. आणि पंधरा सेंटिमीटर म्हणजे म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपेल इतकी पायरी. पदपथ गुडघाभर उंच केला, त्यावर विजेची पेटी उभी केली आणि दर दहा पावलांवर दुकानाच्या उताराने तो तोडला, की माणूस आपण होऊन डांबरी रस्त्यावर उतरतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. न्यायालयाने सांगितलेले हे तत्त्व आपल्या गल्लीत उतरविण्याचे काम मात्र नागरिकांचे व नगरपालिकांचे आहे.

बदल घडू शकतो काय

नेदरलँड्समधील लोक स्वभावानेच सायकलप्रेमी आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या व सायकली मागे पडल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. पुढे तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ मिळाले. ग्रोनिंगन या शहराने १९७७ साली मध्यवस्तीचे चार भाग केले. मोटारीने एका भागातून दुसऱ्यात जावयाचे तर बाहेरच्या रस्त्याला वळसा घालावा लागे. पायी किंवा सायकलीने मात्र सरळ जाता येई. दुकानदारांनी आरंभी विरोध केला, तरी शहराने ही रचना टिकविली, आणि आज ते सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाते.

आपल्याकडे पुणे हेही एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. स्कूटर व मोटारसायकली वाढल्या तशी ती ओळख पुसट झाली. २०१७ साली तेथील महानगरपालिकेने सर्वसमावेशक सायकल आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यांचा एक धडा सर्वत्र सारखाच आहे: सायकलमार्ग तुकड्या-तुकड्यांनी बांधून चालत नाही. साखळीची एक कडी निखळली की साखळी निरुपयोगी ठरते; तद्वत् चौकापाशी संपणारा मार्ग सायकलस्वाराला नेमक्या धोक्याच्या जागी एकटे सोडतो.

चालणाऱ्यांची संख्या वाढली की धोका कमी होतो, हेही ध्यानी घ्यावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत असे दिसले की, चालणारे व सायकलस्वार दुप्पट झाले तरी अपघात दुप्पट होत नाहीत; ते सुमारे एक तृतीयांशानेच वाढतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा धोका घटतो. चालकांस माणसांची सवय होते हे त्याचे एक कारण असावे.

आपल्या वस्तीचा अभ्यास

शाळा, महिला मंडळ, ग्रामसभा किंवा गृहरचना संस्था यांस पुढील अभ्यास एका आठवड्यात करता येईल. वही, पेन्सिल, मोजपट्टी व घड्याळ एवढेच साहित्य पुरे.

१. वस्तीचा नकाशा काढून शाळा किंवा मंडई मध्यबिंदू धरावी, आणि एक किलोमीटर व तीन किलोमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढावीत. आतल्या वर्तुळातील घरे चालण्याच्या टप्प्यात, आणि बाहेरच्यातील सायकलीच्या टप्प्यात येतात.

२. दहा कुटुंबांनी आठवडाभर प्रत्येक फेरीचे अंतर, साधन व प्रयोजन लिहून ठेवावे. किती फेऱ्या दोन किलोमीटरांच्या आतल्या होत्या व त्यांतील किती इंजिनाने झाल्या, ते मोजावे.

३. घर ते शाळा ही वाट एका मुलाबरोबर आणि एका वृद्ध व्यक्तीबरोबर चालावी. पदपथ कोठे तुटतो, अंधार कोठे आहे, सावली कोठे नाही, कुत्र्यांची वा छेडछाडीची भीती कोठे वाटते, याची नोंद नकाशावर करावी. ही नोंद स्त्रियांनी व मुलींनी स्वतः करणे अगत्याचे आहे.

४. मुख्य चौकात रस्त्याची रुंदी मोजावी. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, वृद्ध माणूस सुमारे ०.८ मीटर. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास पहिल्यास दहा सेकंद व दुसऱ्यास पंधरा सेकंद लागतात. सिग्नल किती सेकंद देतो ते घड्याळ लावून पाहावे.

५. यांतून तीनच दुरुस्त्या निवडाव्यात, व मोजमापांसह त्यांचा अर्ज नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यावा. ‘रस्ता धोक्याचा आहे’ या तक्रारीपेक्षा ‘येथे पंधरा सेकंद लागतात आणि आठच मिळतात’ हे विधान अधिक वजनदार ठरते.

जोपर्यंत दुरुस्ती होत नाही तोपर्यंत वस्तीने स्वस्थ बसावे असे नाही. एकाच दिशेच्या मुलांना एक-दोन वडीलधाऱ्यांनी मिळून शाळेत पायी नेणे, शाळेत सायकलींसाठी सावलीचा व कुलपाची सोय असलेला तळ करणे, सुट्टीच्या दिवशी मैदानावर मोठ्या स्त्रियांना सायकल शिकविणे, महिन्यातून एकदा पंक्चर काढण्याचे व ब्रेक तपासण्याचे शिबिर भरविणे, ही कामे अल्प खर्चात होतात.

समारोप

भारत सरकारने २००६ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात, वाहने हलविणे हा रस्त्याचा हेतू नसून माणसे पोहोचविणे हा आहे, असा दृष्टिकोन मांडलेला आहे. एखादा रस्ता चांगला आहे की नाही, हे ठरविण्याची सोपी कसोटी याच दृष्टिकोनातून निघते. दहा वर्षांची मुलगी त्यावरून एकटी शाळेत जाऊ शकते काय? सत्तरीचे आजोबा त्यावरून औषध आणावयास जाऊ शकतात काय? या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर लोकांस चालण्याचा उपदेश करण्याची गरज सहसा पडत नाही. ती नकारार्थी आली, तर उपदेशाने काही साधत नाही. वाचकांनी आपल्या घराचे दार उघडून, घड्याळ हाती घेऊन, ही परीक्षा उद्या सकाळीच करून पाहावी.